बस्त्याच्या दिवशी आश्रुबा कुठं बसला

आश्रुबानं परभणीत एक बांगडीवाली धरलीय, ही बातमी बोरीत कुणी आणली ते कुणी सांगत नाही. पण बातमी जीपसारखीच येते. निघताना अर्धी रिकामी, पोचताना टपावर माणसं. तो तिच्या दुकानात तास-तास बसतो, ती त्याला चहा पाजते, एवढं सगळं त्यात बसून आलं होतं.

आश्रुबा म्हणजे एसटीचा रिटायर ड्रायव्हर. तीस वर्षं परभणीत राहिला, म्हणून बोरीत भावकीत कुणाचं लग्न ठरलं, की लग्नाचा सगळा कपडा, म्हणजे बस्ता, बांधायला अख्खं खटलं त्याच्याच दारात उतरतं. यंदाचं हे चौथं. थोरली वहिनी नर्मदाबाई नातीच्या, राजेश्रीच्या बस्त्याला बारा माणसं घेऊन आली. कापड हे निमित्त. बाईला बांगडीवाली बघायची होती.

कापडाच्या दुकानात सगळे गादीवर मांडी घालून बसले. आश्रुबा चौकटीला टेकून उभा.

"बसा की भाऊजी."

"गाडीवर बसून बसून बसायचा वीट आलाय, वहिनी."

खाली बसला असता तर उठवायला दोघं लागले असते. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला होता, आणि डाव्याचा भार वाहून उजवा. घरात बाज, खुर्ची, त्यामुळं झाकून गेलं. गीताबाईला, खुद्द बायकोला, पत्ता नव्हता. तिला कळलं की ती महारुद्राला फोन करणार, आणि पोरगा पुण्याला चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवणार. शेजारच्या सितारामला त्याच्या पोरानं असंच नेलं. तो आता दिवसभर गॅलरीतून दुसऱ्यांच्या गाड्या बघतो.

गुजरीतून कच्छी बाजार, तिथून भांडी, मग एका पातळाचा काठ वहिनीच्या मनातून उतरला म्हणून पुन्हा गुजरी. दुपार कलली. आश्रुबाला आता बाजार दिसत नव्हता, नुसत्या पायऱ्या दिसत होत्या. कासारगल्ली आली तसा तो कुणाला न विचारता सुलाबाईच्या बांगड्यांच्या दुकानात शिरला. तिनं मान वर न करता पायानं स्टूल पुढं सरकवलं आणि चहा सांगितला.

नर्मदाबाईनं ते बरोबर टिपलं.

"लय ओळख दिसायलीय."

"हाय थोडी."

"न बोलता कळायलंय, अन् म्हणं थोडी. गीताला ठावं हाय का?"

राजेश्रीच्या हातात चुडा भरता भरता सुलाबाई थांबली. "अवो बाई, त्यांचे तर..."

आश्रुबानं तिच्याकडं असं बघितलं की तिनं पुढची बांगडी उचलली.

"मी संध्याकाळी गीताच्या चुलीपुढं बसणार हाय," वहिनी म्हणाली. "काय सांगू तिला? खरं बोला."

खरं बोलावं तर पुणं. न बोलावं तर गीताबाईचं तोंड. आश्रुबानं बशीतला चहा संपेस्तोवर विचार केला. तोंड परवडलं असतं.

"जे दिसलं ते सांगा, वहिनी."

नर्मदाबाई इतकी खूश झाली, की चुड्याचा भाव करायचंही विसरली.

गीताबाईनं पंधरा दिवस बोलणं टाकलं. ताट मात्र वेळेवर यायचं, जरा आपटून.

सुलाबाई त्याची कोणी नव्हती. कुणाचा हात न धरता एकट्याला उठता येईल एवढं उंच स्टूल त्या बाजारात तिच्याच दुकानात होतं.