शिकाऊ परवान्यावरची कबुली

ती घटना आजही आठवली की मला आधी स्वतःचाच राग येतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि रत्नागिरीहून राजापूरकडे जाताना लागणाऱ्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुपारी साडेतीनच्या सुमारास एका वळणावर, डोक्यावर गवताचा भारा घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला मोटारीने उडवलं. मोटार थांबली नाही. म्हातारा पाऊण तास गटारात पडून होता. शेवटी एका एसटीच्या चालकाला तो दिसला आणि त्याने प्रवाशांसकट बस दवाखान्यात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा गेला. लवकर आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं.

त्याच सकाळी एका गॅरेजवाल्याचा फोन आला. "साहेब, पांढरी गाडी आलीय. दिवा फुटलाय, काचेला तडा गेलाय. मालक म्हणतो म्हैस आडवी आली. पण म्हशीचा एक केस नाय कुठं, गवत मात्र अडकलंय." गॅरेजवाले आमच्यापेक्षा बरा पंचनामा करतात, हे माझं जुनं मत आहे. मी एका हवालदाराला गाडी ताब्यात घ्यायला पाठवलं.

तो परत यायच्या आत एक बाई स्वतःहून ठाण्यात हजर झाली. वय चाळिशीच्या आसपास. नवरा मुंबईत नोकरीला, ही इथे सासू आणि दिराच्या कुटुंबासोबत राहणारी. गाडी दिराची. दीर सरकारी कचेरीत कारकून होता आणि तिच्या सोबतच आला होता.

"गाडी मी चालवत होते," ती म्हणाली. "घाबरले, म्हणून थांबले नाही. भाऊजी बाजूला बसले होते."

तिने पिशवीतून शिकाऊ परवान्याचा कागद काढून टेबलावर ठेवला. घरी बसून ऑनलाइन परीक्षा देऊन तीन आठवड्यांपूर्वी काढलेला. शेजारी पक्का परवाना असलेला माणूस, गाडीला शिकाऊ चालकाची 'एल'ची पट्टी असल्याचं दोघं सांगत होते, आरोपी समोर हजर. मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. वरच्या साहेबांचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते. मी लेखनिक हवालदाराला जबाब घ्यायला सांगितलं आणि पंधरा मिनिटांत तो लिहूनही झाला. सही तेवढी राहिली होती.

तेवढ्यात गाडीकडे गेलेल्या हवालदाराचा फोन आला. "साहेब, मागच्या काचेवरची एलची पट्टी उचलून बघितली. खाली लाल धूळ आहे, पट्टीवर कणभर नाही." त्या रस्त्याला चिऱ्याच्या खाणी आहेत. तिथून गेलेली गाडी नखशिखांत लाल होते. पट्टी आदल्या दिवशी गाडीवर असती तर तीही लाल झाली असती. ती नंतर कोणीतरी चिकटवली होती.

मी दिराला बाहेरच्या बाकावर बसवलं, महिला शिपायाला आत बोलावलं आणि बाईंना चहा दिला. दमदाटी करायची गरज नव्हती. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस ओठांपेक्षा हातांनी जास्त बोलतो, आणि तिचे हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

"परीक्षेत किती उत्तरं बरोबर आली?" मी विचारलं.

"सगळी." तेवढ्यापुरती तिची मान ताठ झाली. परीक्षेआधी सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो. लोक तो चालू ठेवून चहा करायला जातात. हिने चार वेळा बघितला होता, वहीत उतरवून घेतला होता. सासूला दवाखान्यात न्यायचं तर दर वेळी कोणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं, म्हणून तिला गाडी शिकायची होती. दीर तीन आठवडे 'पुढच्या रविवारी' म्हणत होता.

"मग सांगा, अपघात झाला तर चालकाने काय करायचं?"

"गाडी थांबवायची," ती पाठ म्हटल्यासारखं बोलू लागली. "जखमीला जवळच्या दवाखान्यात न्यायचं. पोलिसांना..."

चहाचा न उचललेला कप तिने बाजूला सारला.

"मी तेच सांगत होते हो! तीनदा बोलले, थांबवा. भाऊजी म्हणाले, गप बस. मी अजून स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नाही साहेब."

"मग हे कोणी बोलायला सांगितलं?"

"ह्यांचा रात्री मुंबईहून फोन आला. म्हणाले, त्याची नोकरी जाईल, तुझं काय जाणार आहे?"

नवऱ्याचं ते वाक्य ऐकून मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. दिराला आत घेतलं, हवालदाराने पाठवलेला पट्टीचा फोटो समोर ठेवला. त्याने फार ताणलं नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, पुढे शिक्षाही लागली. बाईंनी कोर्टात हा खरा जबाब बदलला नाही. सासरचं दार तिला बंद झालं आणि ती राजापूरला माहेरी गेली.

तेव्हापासून आपणहून आलेली कबुली मी आधी कधी लिहून घेतली नाही. आधी गाडी बघायची, जागा बघायची, मग माणूस.

म्हाताऱ्याच्या बायकोला सगळं सांगायला मी स्वतः गेलो होतो. पडवीत बसून तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "थांबवा बोलली ती? तीनदा?"

"हो आजी."

"मंग त्या गाडीत एक तरी मानूस व्हता."

मी मान खाली घातली. त्याच माणसाला आरोपी करून मी कागद तयार ठेवला होता.