मागे येण्यासाठी पुढचा लॉकर

मला भीती वाटते, आणि ही गोष्ट वाळवंटातल्या आमच्या बेर्शेबा शहरात कुणापासून लपलेली नाही. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी तीन वेळा सेनापती झालो, एकदा तर पुठ्ठ्याच्या घोड्यावर बसून आलो, आणि तिथेही प्रॉम्प्टरला आधी विचारून घेतलं होतं की घोडा हलत तर नाही ना. उंच जागा, उतार, कडे, गच्चीचे कठडे, सरकते जिने. यांतल्या कशाजवळही गेलो की माझ्या पोटऱ्या आधी थरथरतात आणि बातमी डोक्यापर्यंत नंतर पोचते. अशा माणसाने डोंगरात चढणारी जीप विकत घ्यावी ही माझ्या मेहुण्याची कल्पना.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. राहायला अश्दोदला, बंदरात क्रेनवर कामाला, आणि सैन्यात असताना रणगाडा चालवलेला. रणगाड्याचं तो आम्हाला विसरू देत नसे. जेवताना पाण्याचा जग पुढे सरकवायचा तरी रणगाड्यासारखा सरकवायचा. आम्ही दोघांनी भागीत एक जुनी जपानी जीप घेतली. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. शनिवारची सुट्टी संपली की दुसऱ्या दिवशी ऑफिसात जो तो कुठल्या ना कुठल्या वादीत अडकून आल्याचं अभिमानाने सांगत असे. वादी म्हणजे वाळवंटातली कोरडी नदी. पावसाळ्यात एखाद-दोन दिवस वाहते, बाकी वर्षभर दगडगोटे अंगावर घेऊन पडून असते.

जीपला लॉकर बसवायचा ठरलं. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीची चारी चाकं इंजिन फिरवत असलं, तरी एका जोडीतलं एक चाक हवेत लटकलं की सगळा जोर त्या लटकलेल्या चाकाकडे पळतो. ते गरगर फिरतं आणि जमिनीवरचं बिचारं चाक स्वस्थ बसून राहतं. घरात दोन मुलं असली की जे गळा काढतं त्याच्याच हातात खाऊ जातो, तसंच हे. लॉकर त्या दोन चाकांना एकमेकांशी बांधून टाकतो. फिराल तर दोघं फिराल. बटण दाबलं की फुस्स आवाज होतो आणि जोडी बांधली जाते.

आम्हाला परवडत होता एकच. मागच्या जोडीला की पुढच्या?

मेहुणा म्हणाला, यात विचारायचं काय, मागच्या. चढावर गाडीचं सगळं वजन मागे जातं, म्हणून जोर मागे हवा. शिवाय पुढची चाकं बांधली की स्टिअरिंग दगडासारखं होतं, वळता वळत नाही. गॅरेजवाला तेच म्हणाला. ऑफिसातले सगळे तेच म्हणाले. मीही मान डोलावली आणि घरी येऊन झोपलो, आणि झोपेत उतारावरून खाली गेलो.

स्वप्नात मी अर्ध्या उतारावर होतो. समोर बॉनेट, बॉनेटपुढे नुसतं आकाश. मला पुढे जायचंच नव्हतं, परत फिरायचं होतं. सकाळी चहा घेताना एकदम लख्ख दिसलं. धाडसी माणूस चढ चढतो, म्हणून त्याचं वजन मागच्या चाकांवर येतं. माझ्यासारखा माणूस अर्धा उतार उतरतो, घाबरतो आणि रिव्हर्स टाकतो. गाडीचं तोंड खाली, वजन सगळं पुढच्या चाकांवर. म्हणजे लॉकर पुढे हवा. मी पोळपाट तिरका धरून त्यावर काडेपेटी मागे सरकवून बायकोला हे समजावलं. ती इथेच वाढलेली, माझ्या मराठीला हिब्रूत उत्तर देणारी. तिने काडेपेटी घेतली, गॅस पेटवला आणि हिब्रूत म्हणाली की तू घरीच बस, म्हणजे कुठलाच लॉकर लागणार नाही.

मेहुण्याला सांगितलं तेव्हा तो टेलिफोनवर इतका हसला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

“भावोजी, आपण जीप पळून यायला घेतलीय का?”

“हो,” मी म्हणालो.

मग तो मिलुइमला गेला, म्हणजे दरवर्षी सैन्यात हजेरी लावायची असते त्याला. तो तिकडे असताना मी जीप गॅरेजात नेली आणि पुढचा लॉकर बसवून मोकळा झालो. परत आल्यावर त्याने चाकांखाली वाकून पाहिलं आणि हातांची धूळ झटकत सरळ उभा राहिला. पुढच्या आठवड्यापासून अख्ख्या अश्दोदमधले आमचे नातेवाईक आमच्या लॉकरला ‘पळपुटा लॉकर’ म्हणू लागले. मेहुण्याने स्वतः मात्र त्या बटणाला हात लावायचा नाही असं जाहीर केलं.

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आठवडाभर आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसून होतो. त्या बऱ्या होऊन घरी आल्या आणि म्हणाल्या की एलियाहू हनाबीला, आपल्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, मलिदा बोलले आहे, तो झाडांच्या सणालाच करायचा, आणि बदामाच्या झाडाखाली करायचा. आमच्याकडे मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. आम्ही यहुदी कोकणातून इकडे यायला निघालो तेव्हा भांडीकुंडी मागे राहिली, हा नवस बरोबर आला. बदामाचं झाड मेहुण्याने हेरून ठेवलं होतं. एका वादीच्या तळाशी, एकटंच, त्या दिवसांत पांढऱ्या फुलांनी भरलेलं.

निघताना बायकोने मला बाजूला घेतलं आणि, क्वचितच बोलते तसं, मराठीत म्हणाली, “माझ्या आईला धड परत आणायचं.”

तिच्या मराठीची मला जास्त भीती वाटली.

गाडी मी चालवत होतो. शेजारी मेहुणा. मागे बायको आणि सासूबाई, सासूबाईंच्या मांडीवर पोह्यांचा थाळा, त्यावर पांढरा रुमाल. डांबरी रस्ता सुटला, मातीचा सुरू झाला, मग तोही अरुंद होऊन वादीच्या काठाशी आला आणि खाली वळला. मी थांबलो. एका बाजूला खडकाची भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तळाशी ते झाड दिसत होतं, हातरुमालाएवढं.

मेहुणा उतरला, दहा-पंधरा पावलं चालून गेला, कमरेवर हात ठेवून परत आला. म्हणाला, रस्ता झकास आहे, मागच्या वर्षी इथून उतरलोय. मी म्हणालो, आपण वरूनच झाडाकडे बघून मलिदा करू. सासूबाई मागून शांतपणे म्हणाल्या, “चला, जावईबापू.” सेनापतीला आता पर्याय उरला नाही.

उतरताना बॉनेटखालची जमीन दिसत नाही. हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. गाडी नाक खाली करते आणि समोर दिसतो तो पलीकडचा डोंगर, जणू तुम्ही त्याच्यावर फेकले जाणार आहात. ‘लेआत, लेआत,’ मेहुणा म्हणत होता, म्हणजे हळू, हळू. मी इतका हळू होतो की एक पाल आम्हाला मागे टाकून गेली. एका वाकणाशी खडक जरा बाजूला झाला आणि मला पुढचं दिसलं.

पुढे रस्ता नव्हता. गेल्या महिन्यातल्या पावसाने तो कापून नेला होता. सुरीने केक कापावा तसा सरळ, आणि खाली पुरुषभर खोल. मी ब्रेकवर उभाच राहिलो. चाकांखालचे खडे सुटले आणि गाडी थांबल्यावरही वीतभर पुढे घसरली. एक दगड दरीच्या बाजूच्या काठावरून गेला. तो पडल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

मी मेहुण्याकडे पाहिलं. तो ‘लेआत’ म्हणायचा थांबला होता. बंदरात वीस माणसांना ओरडून हलवणारा माणूस, आणि त्याचा चेहरा पोह्यांवरच्या रुमालासारखा झाला होता. माझ्या भीतीला मी ओळखतो, रोजची आहे. त्याची भीती मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बायकांना उतरवावं म्हटलं तर सासूबाईंच्या बाजूचं दार उघडत होतं ते दरीवर. बायकोच्या बाजूला खडक इतका जवळ की दार बोटभरही उघडेना. फोन दाखवत होता की इथे फोन चालत नाही. मी रिव्हर्स टाकला. एक मागचं चाक खड्यांत गरगर फिरलं, धूळ उडाली, आणि गाडीचा मागचा भाग इंचभर दरीच्या बाजूला सरकला. मागून बायको हिब्रूत म्हणाली की आईचा श्वास जोरात चाललाय. सासूबाई म्हणाल्या, माझं बघू नका, तुमचं बघा.

मी बटण दाबलं. फुस्स.

खरं सांगतो, त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की स्टिअरिंग ओतीव लोखंडाचं झालं होतं आणि मी ते सरळ धरून बसलो होतो. ते सरळ धरणं एवढंच मला करायचं होतं, आणि माझ्यासारख्याला तेवढंच जमण्यासारखं होतं. पुढच्या दोन्ही चाकांनी एकदम जमीन पकडली. गाडी आधी थरथरली, मग आम्हाला मागे ढकलू लागली, पायरी पायरीने, कुणी म्हातारं माणूस जिना उलटा चढतंय तसं. थाळ्यातलं एक केळं घरंगळून माझ्या सीटखाली गेलं. कुणीच वाकलं नाही.

वर सपाटीवर आलो तरी मी थांबलो नाही. बटण सोडावं, गाडी वळवावी, हे डोक्यात येतच नव्हतं. मागे जाणं आपल्याला लाभतंय तर जातच राहावं, असं काहीतरी वाटत होतं. मेहुणा म्हणाला, आता वळवा. मी नाही वळवली. डांबरी रस्ता येईपर्यंत आख्खी मातीची वाट मी उलटी चालवली. रस्त्याकडेला बस-स्टॉप होता, शेजारी निलगिरीचं झाड. तिथे गाडी थांबली, आणि तिथे मलिदा झाला. बदामाचं झाड नाही म्हणून सासूबाई कुरकुरतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त आकाशाकडे पाहून हात जोडले आणि म्हणाल्या, “एक नवस फेडला. मघाशी खाली दुसरा बोलले. तो घरीच करीन, सोफ्यावर बसून.”

त्यावर बायको म्हणाली की तिनेही एक बोललाय. मी बोललो नव्हतो. स्टिअरिंग धरून बसल्यामुळे मला वेळच मिळाला नव्हता. मेहुणा टायरांची हवा तपासत होता. त्याने ऐकलंच नाही.

सासूबाईंचा मलिदा झाला, बायकोचा झाला. पोह्यांना आम्ही जरा कंटाळलोच होतो, तेवढ्यात अश्दोदहून आमंत्रण आलं. मेहुण्याकडे मलिदा. गेलो. मोठा थाळा, शेजारीपाजारी, प्रार्थना म्हणायला आलेले दोन म्हातारे. त्यांतल्या एकाने विचारलं, कशाबद्दल आहे? मेहुणा म्हणाला, असंच. नवस होता जुना.

मी अगदी निरागस चेहरा केला. रंगभूमीवर इतकी वर्षं काढली ती काही फुकट नाही.

“जुना म्हणजे किती जुना?” मी विचारलं.

सासूबाईंनी रुमाल तोंडाला लावला. मेहुण्याने माझ्या ताटलीत मूठभर पोहे वाढले, वर खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवला, आणि माझ्या कानाशी वाकला.

“खा भावोजी,” तो म्हणाला, “आणि गप्प बसा.”

मी गप्प बसलो. दोनदा वाढून घेतलं.