कोबा उचलला तेव्हा

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. मशीनवरून उतरलेला भाग मापात बसतो की नाही, हे ठरवणं माझं काम. केसाएवढा फरक असला तरी मी भाग बाजूला काढते, त्यावरून सुपरवायझरांशी वाद घालते आणि बहुतेक वेळा जिंकते. असं असताना माझ्याच घराच्या मागच्या बाजूचा कोबा दोन इंच खचला आणि वर्षभर मी त्यावर उभी राहून कपडे वाळत घालत राहिले. दिसला नाही असं म्हणणं खोटं होईल. दिसत होता, पण घरच्या गोष्टींना आपण कारखान्यातली पट्टी लावत नाही.

आमचं घर मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं आहे. पूर्वी तिथं शेतं होती. माती काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. घर बांधलं तेव्हा भिंतीत पाणी मुरू नये म्हणून चारी बाजूंनी तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा, म्हणजेच हा कोबा, केला होता. सलग नाही, चार-चार फुटांचे तुकडे, मध्ये बोटभर सांधा. मागच्या कोपऱ्यातले तीन तुकडे खाली गेले होते, आणि तेही भिंतीच्या बाजूला कलून. म्हणजे ज्या पाण्याला घरापासून दूर घालवायचं, ते घराकडंच यायला लागलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढली.

तेवढ्यानं मी हललेही नसते. पण आई गेल्यावर दादा आमच्याकडं राहायला आले. दादा म्हणजे माझे वडील. लासूर स्टेशनच्या बाजारात त्यांनी उभा जन्म मापाड्याचं काम केलं. शेतकऱ्याचं धान्य काट्यावर घालायचं, वजन पुकारायचं, पोतं पुढं सरकवायचं. वय ब्याऐंशी, खांदे अजून रुंद, गुडघे मात्र कामातून गेलेले. आमच्या गल्लीत दिवसभर गाड्यांची ये-जा असते, म्हणून ते घराबाहेर न जाता या पट्ट्यावरूनच घराला फेऱ्या मारायचे. सकाळी एकवीस, संध्याकाळी एकवीस. बाजारात पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, तशीच त्यांची मोजणी चालायची. लाभ, दोन, तीन. मी भाजी चिरत असले की खिडकीबाहेरून आकडा ऐकू यायचा आणि दादा कुठपर्यंत आले ते कळायचं.

कोपऱ्यावर आले की ते काठी पुढं टेकून, थांबून, पाय उचलून जायचे. ते बघून मी ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. आमच्या घराचं प्लास्टर त्यांनीच केलेलं. साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी बुटाच्या टाचेनं तुकडे दाबून पाहिले आणि सांगितलं की हे फोडून, खाली भराव टाकून नवीन करावं लागेल, आठवडा जाईल. मला आठवडा नको होता. कारखान्यात ऑडिट होतं, घरात धूळ नको होती. मी म्हणाले, वरून माल टाकून सपाट करून द्या. चाचांनी नकाराची मान हलवली. जुन्यावर पातळ थर धरत नाही, असं ते दोनदा म्हणाले. मी तिसऱ्यांदा तेच सांगितल्यावर त्यांनी मुकाट्यानं थर टाकून दिला. दुपारपर्यंत काम झालं. दिसायला इतकं सुबक झालं की मी फोटो काढून बहिणीला पाठवला.

पावसाळा अर्धा सरला आणि तो थर पापडासारखा सुटायला लागला. एका सकाळी भाजी चिरताना नऊच्या पुढं आकडा आलाच नाही. मी मागं धावले. दादा भिंतीला पाठ लावून बसले होते, काठी लांब पडलेली. सुटलेल्या थराच्या कडेला पाय अडला होता. डाव्या मनगटाचं हाड चिरलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं पडलात, तर ते म्हणाले, चक्कर आली. मी जवळच उभी होते. चक्कर आली नव्हती हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही. मला वाचवायला ते खोटं बोलले.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. चला दादा, मी बरोबर येते, असं म्हटलं की आज नको म्हणायचे. ऊन लई आहे, गार वारं सुटलंय, पेपर वाचायचाय. दिवसचे दिवस खुर्चीत. जेवण अर्ध्यावर आलं. माझा नवरा एकदा म्हणाला की आता वयच झालं त्यांचं. तो वाईट हेतूनं बोलला नव्हता, पण मला ते पटलं नाही. माणूस वयानं बसला नव्हता, माझ्या अर्ध्या दिवसाच्या घाईनं बसला होता.

दिवाळीनंतर मी चार दिवसांची रजा टाकली आणि चाचांना फोन केला. या वेळी तुम्ही सांगाल तसं, असं मी त्यांना म्हणाले. चाचा पहार आणि घण घेऊन आले. पहिला घाव बसायच्या आत मागच्या दारात दादा येऊन उभे राहिले. कितीतरी दिवसांनी ते तिथवर आले होते.

"फोडू नको माय," ते मला म्हणाले. "आधी खाली काय झालंय ते तर बघ."

त्यांनी काठीचं टोक एकेका तुकड्यावर आपटलं. धडधाकट तुकड्यांचा आवाज भरीव येत होता. कोपऱ्यातल्या तिन्हींचा रिकाम्या डब्यासारखा. खराबी काँक्रीटमध्ये नाही, त्याच्या खाली आहे, हे त्यांनी मला न शिकवता दाखवून दिलं. कारखान्यात मी नवीन पोरींना हेच सांगते, की भाग नापास झाला की भागाला शिव्या देऊ नका, कशामुळं झाला ते शोधा. आणि इथं मी सरळ घण मागवला होता.

आम्ही कडेची माती उकरली. हातभर खणल्यावर कारण सापडलं. गच्चीचं पाणी खाली आणणारा पाईप त्या कोपऱ्यात जमिनीत शिरत होता आणि तिथंच त्याचं वळण फुटलं होतं. प्रत्येक पावसात सगळ्या गच्चीचं पाणी कोब्याखाली ओतलं जात होतं. खालचा मुरूम वाहून जाऊन घागर मावेल एवढी पोकळी झालेली. चाचांनी खाली वाकून आत बघितलं. मग म्हणाले की फोडून नवा केला असता तरी दोन पावसाळ्यांत हाच खड्डा पडला असता. चूक त्यांचीही होती, असं त्यांना सुचवायचं असावं. मला बरं वाटलं.

पहिला दिवस पाईपातच गेला. फुटकं वळण काढलं, नवीन पाईप जमिनीच्या वरून, भिंतीच्या कडेनं पुढच्या नालीपर्यंत नेला. दिसायला चांगला दिसत नाही, पण उद्या फुटला तर डोळ्यांना दिसेल.

मग दादांनी आपला विचार सांगितला. बाजारातल्या मोठ्या काट्याखालची दगडी बैठक एका वर्षी कलली होती. काटा खोटं बोलायला लागला. दगड फोडला असता तर हंगाम बुडाला असता. त्यांनी आणि हमालांनी पहारीनं एक कड उचलली, खाली ठोकळे सरकवले, भराव ठासला आणि दगड पुन्हा होता तसा बसवला. हा कोबा त्या दगडापेक्षा हलका आहे, ते म्हणाले.

चाचा मला बाजूला घेऊन हळूच बोलले. "मॅडम, वो उठेगा नहीं. उठा तो टूटेगा."

मी मनात हिशेब केला. तीन फूट बाय चार फूट, चार इंच जाड. अडीचशे-पावणेतीनशे किलो. पण पूर्ण उचलायचा नव्हता. एक कड वर करायची, म्हणजे निम्मंच वजन. पहार आणि गाडीचा जॅक मिळून ते सहज पेलतील. मी चाचांना म्हणाले, तुटला तर तुमच्या पद्धतीनं करू, पण आधी उचलून बघू. त्यांनी खांदे उडवले आणि बाह्या वर केल्या.

दादांची खुर्ची अंगणात मांडली. त्यांनी एकच नियम घातला. कोबा वर असताना खाली हात घालायचा नाही, काय सारायचं ते काठीनं सारायचं. नवऱ्यानं गाडीतला जॅक काढून आणला. आधी वरचा सुटलेला थर खरवडून काढला आणि सांध्यातला जुना माल छिन्नीनं मोकळा केला, म्हणजे शेजारच्या तुकड्याला धक्का लागायला नको. चाचांनी पहार घातली, मी खाली जॅक बसवला आणि दांडा फिरवायला लागले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग माती सुटल्याचा ओलसर आवाज आला आणि काँक्रीटची कड वर यायला लागली. बोटभर, चार बोटं, वीत. चाचांनी लाकडी ठोकळे आत सरकवले. खालची काळी जमीन उजेडात आली, तिच्यावर गांडुळं वळवळत होती. नवरा मोबाईल काढून उभा होता, तो फोटो काढायचं विसरला.

मुरूम आणि बारीक खडी किंचित ओली करून, त्यात थोडं सिमेंट कालवून आम्ही थराथरानं आत भरली. लांब फळीच्या टोकानं ठासली. दादा खुर्चीतून ऐकत होते. ठासल्याचा आवाज मऊ आला की अजून म्हणायचे. घट्ट आला की बस म्हणायचे. शेवटी ठोकळे काढून तुकडा हळूहळू खाली सोडला. पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून मी दोन्हीकडची पातळी मोजली. भिंतीकडून बाहेर बोटभर उतार हवा होता, तो मिळाला. चाचांनी स्वतः पुन्हा मोजून घेतलं. मग दुसऱ्या तुकड्याकडं वळले.

तो दुसरा तुकडा माझ्या हातून तुटला. पहिला उचलल्यामुळं मला जोर चढला होता. जॅक थेट कडेच्या मधोमध लावला आणि भराभर फिरवला. कडाड असा आवाज झाला आणि आडवी चीर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मला वाटलं चाचा हसतील. ते हसले नाहीत.

दादाच म्हणाले, "मधी आडवी फळी द्यायची होती. सगळा भार एका जागी गेला."

"व्हय," मी म्हणाले. चुकले होते, त्याला दुसरं काय म्हणणार. तो तुकडा चाचांनी घणानं फोडून काढला आणि तिथं नवा ओतला. तिसऱ्याला मी जॅकवर जाड फळी दिली, दांडा सावकाश फिरवला, आणि तो सरळ उचलून सरळ बसवला.

नव्या तुकड्याला आठवडाभर ओल ठेवायची होती. आमच्या भागात नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड, त्यामुळं पाईप लावून पाणी मारायची चैन नाही. आम्ही गोणपाट भिजवून अंथरलं आणि दादांनी ते ओलं ठेवायचं काम स्वतःकडं घेतलं. बादलीत भांडं बुडवायचं, उठायचं, चार पावलं जायचं, शिंपडायचं, परत यायचं. दिवसातून सहा-सात वेळा. कुणी त्यांना चालायला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर खुर्ची रिकामी होती. दादा घराच्या पुढच्या बाजूनं काठी टेकत येत होते. मी दिसताच म्हणाले की पाईपाचं तोंड नालीत नीट सुटलंय का ते बघून आलो. गोणपाट काढल्यावर ते कोपऱ्यावरून न थांबता जायला लागले.

पुढं अवकाळी पाऊस झाला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. कोब्यावर पडलेलं पाणी भिंतीकडं न येता सरळ बाहेर निघून जात होतं. ओल पुढच्या उन्हाळ्यात वाळली, त्या भिंतीला मी स्वतः रंग दिला.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या घरची बाई मला आपला ओटा दाखवायला घेऊन गेली. शेवटच्या प्लॉटवरचे निवृत्त शिक्षक फाटकापुढचा खचलेला उतार बघायला बोलवायला आले. मी काठी आपटून ऐकते, पाणी कुठून येतंय ते शोधते, मगच उचलायचं की फोडायचं ते सांगते. तीनपैकी एक तुकडा तरी फोडावाच लागतो आणि ते मी तोंडावर सांगते. चाचा आता ओळखीच्यांना सांगतात की आधी मॅडमना दाखवा. दोन घरांत आम्ही मिळून काम केलं, आणि जाड फळी मी माझीच घेऊन जाते.

काळी माती आपला स्वभाव सोडत नाही. या एप्रिलमध्ये तिसऱ्या तुकड्याच्या कडेला नखाएवढी फट पडलेली दिसली. मी पट्टी लावून मोजली, तारीख भिंतीवर पेन्सिलनं लिहिली आणि फटीत कोरडी वाळू भरली. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजेन. वाढली असेल तर जॅक घरातच आहे.