म्हातारा चहा पीत बसलाय

सुपरहिरोच्या सिनेमाला साठीच्या माणसाने रडावं का, हा आमच्या घरातला जुना वाद. बाबा रडायचे. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर तयार मालाची तपासणी केली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत. भाजीवाल्यापासून हवामान खात्यापर्यंत त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. अपवाद एकच, आमचा दिग्दर्शक.

आमचा म्हणजे माझा आणि बाबांचा. कॉलेजात असताना मीच त्यांना त्याचा पहिला, छोटासा सिनेमा दाखवला होता. पुढे त्याने तीन भागांचा सुपरहिरोपट करायला घेतला तेव्हा मला जरा धाकधूक होती. असल्या मोठ्या पसाऱ्यात भलेभले वाहवतात. बाबा मात्र ठाम होते. "हा माणूस फसवणार नाही. याच्या सिनेमात मेलेला माणूस मेलेलाच राहतो," असं ते म्हणत.

हा टोमणा आईला असायचा. आईच्या टीव्ही मालिकांत माणसं दरीत कोसळायची आणि दोन महिन्यांनी नवा चेहरा घेऊन परत यायची.

आमचे नियम कडक होते. ट्रेलर बघायचा नाही, परीक्षण वाचायचं नाही. थिएटरात ट्रेलर लागलाच तर बाबा डोळे मिटून कानात बोटं घालत. ऑफिसात कुणी विषय काढला की मला लगेच तहान लागायची. शेवटचा नियम एकट्या बाबांचा होता. पडद्यावर नावं सुरू झाली की उठायचं, कारण त्या मॉलच्या तळघरातून गाडी बाहेर काढायची म्हणजे रॅम्पवर अर्धा तास रांग.

आई उठायची नाही. ती येवल्याची, पैठणी विणणाऱ्या घरातली. तिचे वडील एकेका पदरावर महिना महिना डोळे फोडत, आणि पैठणीवर विणणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. इथे सुतारापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची नावं लावतात याचं तिला फार अप्रूप होतं. इंग्रजी ती सावकाश वाचायची आणि नावं भराभर वर पळायची. एक वाचून होईपर्यंत दहा निघून जात, तरी ती बसून राहायची. एवढ्या लोकांनी राबून केलंय, नावं तरी वाचावीत की त्यांची, असं तिचं म्हणणं. आम्ही गाडी काढेपर्यंत ती येतेच, म्हणून बाबाही फार बोलत नसत.

दुसऱ्या भागाच्या शेवटी नायकाचा गुरू जातो. त्या पोराला लहानाचं मोठं केलेला म्हातारा, पूल कोसळताना पोराला बाजूला ढकलतो आणि स्वतः नदीत पडतो. बाबा अक्षरशः हुंदके देत होते. नावं सुरू झाली आणि आम्ही दोघं डोळे पुसत पार्किंगकडे पळालो. आई दहा मिनिटांनी खाली आली, मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "तो म्हातारा मेला नाय. चहा पीत बसलाय."

आम्ही इतके हसलो की बाबांकडून गाडी रॅम्पवर बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. आई सांगू लागली की नावं संपल्यावर एक झोपडी दाखवली, त्यात पत्र्याचा मग होता. बाबांनी मधेच तोडलं. मालिकांमधलं इथे आणू नकोस, तुला डुलकी लागली असेल, म्हणाले. मीही म्हणाले की आपला दिग्दर्शक असं कधीच करणार नाही, मी ओळखते त्याला. ज्या माणसाला मी जन्मात समोरून पाहिलं नव्हतं त्याला मी ओळखत होते, आणि पाठीमागे बसलेल्या आईला डुलकी लागली होती. तिने आणखी एकदा बोलायला तोंड उघडलं. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली.

ते वाक्य पुढे घरात रुळलंच. शेजाऱ्यांची सून परत आली म्हणे, असं आईने सांगितलं की बाबा म्हणायचे, म्हातारा चहा पीत बसलाय. कुकरची शिट्टी बिघडली आहे म्हणाली तरी तेच. आईसुद्धा हसायची. कधी कधी नाही हसायची.

एका सकाळी मी ऑफिसला निघाले होते. आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. म्हणाली, "जिना चढले की छातीत कसंतरी व्हतं गं." मी डबा पिशवीत टाकत म्हणाले, "हो, आणि म्हातारा चहा पीत बसलाय." ती हसली. मीही हसत जिना उतरले.

दोन महिन्यांनी तिला हार्ट अटॅक आला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ओट्यापाशी झालेलं ते बोलणं मी बाबांना कधीच सांगितलं नाही.

तिसरा भाग लागला तेव्हा तिला जाऊन वर्ष झालं होतं. जावं की नको, यात आठवडा गेला. शेवटी बाबाच म्हणाले की त्याने शेवट कसा केलाय ते बघायला हवं. रविवारी सकाळच्या खेळाला आम्ही दोघं गेलो.

मध्यंतराच्या जरा आधी नायक बर्फातून चढत एका झोपडीपाशी पोचतो आणि दार ढकलतो. आत म्हातारा बसलेला. सगळ्या थिएटरने शिट्ट्या मारल्या. दचकलं कुणीच नाही. त्यांना सगळ्यांना माहीत होतं, ते तीन वर्षं याचीच वाट बघत होते. आधी राग आला तो दिग्दर्शकाचा, की याला एवढं डोक्यावर घेतलं आणि यानेही शेवटी दरीतला माणूस परत आणला. नंतर म्हाताऱ्याच्या हातातला मग दिसला. पत्र्याचा. त्यातून वाफ येत होती.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा पॉपकॉर्नचा हात तोंडापाशी थांबला होता. "तिला दिसला होता," ते म्हणाले.

मध्यंतरात मी मोबाइलवर दुसऱ्या भागाचा शेवट शोधला. नावं संपल्यानंतरचा मिनिटभराचा प्रसंग, झोपडी, पत्र्याचा मग, चहा, अगदी तिने सांगितला तसा. पुढे म्हातारा तो मग खाली ठेवतो आणि दाराकडे बघतो. ते सांगायच्या आधीच आम्ही तिला तोडलं होतं. दिग्दर्शकाने काहीच फसवलं नव्हतं. आम्ही तळघरात गाडी काढत होतो. बाबांनी तो प्रसंग तीनदा लावायला सांगितला.

पुढचा सिनेमा मी पाहिला असं म्हणवत नाही. नावं सुरू झाली तेव्हा सवयीने बाबांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला. ते ओठ हलवत नावं वाचू लागले. त्यांचीही ती पुरती वाचून होत नव्हती. नावं संपली, पडदा काळा झाला, दिवे लागले. या वेळी शेवटी काही नव्हतं.

"ती अजून काय काय म्हणाली होती गं," त्यांनी विचारलं, "जे आपण ऐकलं नाही?"

मी सांगितलं. ओटा, पोळ्या, जिना, छाती. माझं उत्तरही सांगितलं, एक शब्द न गाळता. बाबांनी मला मधे एकदाही तोडलं नाही.

झाडू घेऊन आलेली बाई आमच्या रांगेपर्यंत पोचली होती. "काका, पाय वर घ्या," ती म्हणाली, आणि थोडं थांबून पुन्हा म्हणाली. मी माझे घेतले. बाबांना ते ऐकूच गेलं नाही.