सूर्यापुढे काढलेल्या चपला

नव्या चामड्याचा वास आला की मला विज्ञान संग्रहालयातला अवकाश दिवस आठवतो. तेव्हा मी कॉलेजात होते आणि लोकांना माहिती द्यायला अंगणात सूर्य दाखवणाऱ्या दुर्बिणीपाशी उभी होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माहिती पाठ होती तीही इंग्रजीत. लोकांपुढे मराठीत तोंडच उघडेना. "अशीच गप्प राहिलीस तर इथं दुसऱ्याला उभं करीन," आम्हाला तिथं नेमणाऱ्या कॉलेजच्या सरांनी बजावलं होतं, आणि मला ती जागा सोडायची नव्हती. तेवढ्यात कोडोलीच्या एका आजींनी दुर्बिणीपुढे आपल्या नव्या करकरीत चपला काढल्या. "आजी, फरशी तापलीये," मी पुटपुटले. "तापू दे. देवाकडं चप्पल घालून बघत्यात व्हय?" त्यांनी डोळा लावला. "अगं, ह्येला डाग हाय की!" "तो डाग पृथ्वीपेक्षा मोठा आहे," मी हळूच म्हटलं. आजी वळून रांगेवर ओरडल्या, "ऐकलासा का पावणं? डाग पृथ्वीपरीस मोठा हाय!" मग मी सांगायचे आणि त्या अनवाणी उभ्या राहून ते मोठ्याने पोचवायच्या. "आजी, तुमीच मास्तरीण व्हा की," कुणीतरी म्हणालं. "गप रं. शिकलीया ती, मी नुसता भोंगा." आजी गेल्या तोवर रांगेतल्या सगळ्यांनीच चपला काढल्या होत्या आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी बूट काढले आणि स्वतःच मोठ्याने बोलू लागले. आता राजारामपुरीतल्या क्लासमध्ये मी शिकवते. मागच्या बाकावरून "मॅडम, ऐकू येत नाही" असं कुणी म्हणालं, की मी टेबलाखाली हळूच चपला काढते.