मुठीतला देव

मालकिणीच्या, म्हंजे माझ्या बायकोच्या, डाव्या छातीत गाठ हाताला लागली, तवा सोनपेठच्या डॉक्टरनं परभणीला जायला सांगितलं. पण गावानं त्याच्या आधीच निकाल देऊन टाकला होता. गाठ म्हणजे कॅन्सरच. तिची धाकटी बहीण तर गळ्यात पडून रडून गेली. मालकीण मला म्हणली, "कापायचं म्हणले तर मी न्हाई. हाय तशी मातीत बसवा." आमच्यात मेलेल्याला बसवूनच पुरतेत.

"मातीचं मागून बघू," मी म्हणलं. "आदी आत काय हाय ते दिसू दे. न बघता कापू देणार न्हाई, अन् न बघता मरू बी देणार न्हाई."

शाळा मी दुसरीत सोडली. पण बैल घेताना बी दात बघून घेतो माणूस, एवढं मला कळतंय.

परभणीत छातीचा फोटो काढायच्या मशीनवर एक बाई होती. ती दारातच म्हणली, "मावशी, गळ्यातलं सगळं काढून ठेवा." मंगळसूत्र निघालं. पण आमी लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतंय, मंगळसूत्राच्याही आधीपासून. जीव हाय तवर ते अंगावेगळं करत न्हाईत. मालकिणीनं डबी दोन्ही हातांनी धरली अन् बाकड्यावर बसून घेतलं.

"बाबा, तुम्ही तरी समजावा. धातूनं फोटो बिघडतो," बाई म्हणली.

"फोटो बी निघंल अन् देव बी अंगावरच राहील," मी म्हणलं.

"तुमचा हट्ट घरात चालतोय," मालकीण म्हणली. "मशीनला काय ठाव!"

मग ध्यानात आलं. रोज पूजेला आमी लिंग डबीतून काढून तळहातावरच घेतो की. तळहात काय परक्याचा हाय? मी म्हणलं, "डबी माझ्या खिशात, लिंग तिच्या मुठीत!"

बाई म्हणली, "चालेल. पण डाव्या हातानं मशीनचा दांडा धरावा लागेल."

"मग उजव्या मुठीत."

"पूजेला डावा तळहात असतोय," मालकीण पुटपुटली.

"गाठीनं इचारलं का तुला, डावीकडं येऊ का उजवीकडं?"

लय दिवसांनी हसली. मूठ आवळून आत गेली.

फोटो झाला, मग सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी आमाला दोघांना पडद्यासमोर बसवलं. पातळ रेघेच्या आत काळं-पांढरं मिसळलेलं, करंजीत सारण असावं तसं. "बाबा, हा कॅन्सर नाही. छातीचंच मांस आणि चरबी एका पापुद्र्यात गुंडाळून बसलीय. क्वचितच दिसते, पण फोटोत ओळखू येते. हॅमार्टोमा म्हणतात."

"हमारा-तुमारा?"

"ऐकलं का बाई," मालकीण म्हणली, "गाठ माझ्या छातीत, अन् हे म्हणतेत हमारा-तुमारा!"

डॉक्टरीणबाई हसल्या. मी न्हाई हसलो. "कापायचं न्हाई ना?"

"नाही. वाढली, बदलली वाटली तर लगेच दाखवा."

"मला नका सांगू. तिच्याकडं बघून सांगा."

त्यांनी खुर्ची वळवली अन् तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मावशी, कापायचं नाही."

तवा कुठं मालकिणीनं मूठ उघडली. तळव्यावर लिंगाचा गोल वळ उठला होता. मी खिशातून डबी काढली, लिंग आत ठेवलं अन् दोरा तिच्या मानेमागं बांधायला लागलो.

"घट्ट बांधा," ती म्हणली. "अन् धाकटीला फोन लावा. म्हणावं, रडलीस ते माघारी घे."