पाहुण्यांच्या खोलीतला पुदिना

आमच्या मस्तुराबीबीची जीभ भलती तिखट, पण हाताला जादू. तिनं वाळवलेला रानपुदिना भर हिवाळ्यात चुरगळावा, तर ओढ्याकाठी उभं असल्यासारखं वाटतं. मी जन्माची शेजारीण, मला ते आजवर जमलं नाही. तिचे म्हातारे यजमान शोदीबोबो थंडीत धापा टाकतात. त्या पानांचा वाफाळता काढा पोटात गेला की मगच त्यांची छाती मोकळी होते.

त्या वर्षी बीबी भावाकडे लग्नाला गेली आणि मागे नवी सून सावसन हौसेनं कामाला लागली. तिचं माहेर आमच्या डोंगराखाली, जर्दाळूच्या मुलखात. तिथे जे वाळवायचं ते छपरावर, रणरणत्या उन्हात. तिनं वर्षाचा सगळा पुदिना तसाच पसरला. बीबी परतली, मूठभर पानं चुरून नाकाशी नेली.

"गाय खूश होईल हो," एवढंच म्हणाली.

पानांचा नुसता पेंढा झाला होता. सावसनच्या तोंडचं पाणी पळालं. बर्फ पडायच्या बेतात, आणि म्हाताऱ्यांसाठी घरात कामाचं एक पान नाही!

पाटाकाठी उशिरा फुटलेला थोडा पुदिना उरला होता, तो दोघींनी खुडून आणला. पण वाळवायचा कुठे? चुलीजवळ पानाचा वास उडून जातो, ओसरीत दवानं बुरशी धरते. सावलीची, कोरडी, वाऱ्याची जागा घरात एकच, पाहुण्यांची खोली. आमच्याकडे घरचे उपाशी झोपतील, पण ती खोली पाहुण्यासाठी मांडलेली हवीच. बीबीनं तिथल्या रेशमी गाद्या उचलल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि दोऱ्यांवर जुड्या टांगल्या.

नेमके तेव्हाच सावसनचे वडील नोरमत आले. बीबीनं व्याह्यांना बसवलं कुठे, तर गोठ्याशेजारी! मीच घाईनं त्यांच्याखाली एक गादी सरकवली. सावसन तर भिंतीत शिरायची बाकी होती.

"आत कोण एवढा मोठा उतरलाय?" नोरमत तडकले. "की आम्हीच नकोसे झालो?"

"उतरलाय खरा. या, बघा."

तिनं दार उघडलं. अंधुक उजेडात जुड्या झुलत होत्या, सुकून कुरकुरीत, तरी हिरव्यागार. वासाचा असा लोट आला की माझे डोळे भरले. नुसता वारा आणि सावली एवढं राखू शकतात, यावर विश्वास बसेना. नोरमतनी न सांगता उंबऱ्याशी जोडे काढले.

"पण उन्हात का नाही घातला?" त्यांनी हळूच विचारलं. "छपरं तर आहेत."

सावसननं मान खाली घातली.

"मी घालणारच होते," बीबी म्हणाली. "तुमच्या लेकीनं हात धरला. म्हणाली, जर्दाळूला ऊन, पानाला सावली."

"माझी लेक?" नोरमत फुलून गेले. मग गोठ्याशेजारीच मांडी ठोकून पोटभर पुलाव जेवले.

पहिल्या बर्फात शोदीबोबोंची छाती वाजू लागली. सावसननं पानांवर उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, वाटी त्यांच्या हाती दिली आणि समोर बसून राहिली. हळूहळू छातीतली शिटी थांबली. म्हातारे भिंतीला टेकून शांत झोपले. सावसननं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊ लागली.

बीबीनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"पुरे गं. जुड्यांना ओल लागेल."